पाणमांजराची पावलं

यादीतल्या सातव्या नावावर नजर गेली आणि हातातली कॉफी तशीच गार झाली. प्रमिला चोगले, वय साठ, हर्णै. एक जागा, खिडकीची.

सहलीच्या धंद्यात नावं लक्षात राहत नाहीत. सकाळी चढलेली माणसं संध्याकाळी उतरतात. मधे आठ तास तुम्ही त्यांना खाड्या दाखवता, समुद्री गरुड दाखवता, स्वच्छतागृह कुठे आहे ते दाखवता आणि विसरून जाता. पण या बाईंशी मी आयुष्यात एकदा बोललो होतो. फोनवर, चारेक मिनिटं. तुमचा मुलगा समुद्रात गेला, असं मी त्यांना सांगितलं होतं.

मी सुहास बारबोले, मूळचा बार्शीचा. बार्शीला समुद्र सोडा, धड नदीसुद्धा नाही. तरी गेली एकवीस वर्षं मी ट्रॉम्सोत राहतो आणि उत्तर ध्रुवाकडच्या या किनाऱ्यावर लोकांना मिनीबसमधून फिरवतो. गाडीही मीच चालवतो आणि बडबडही मीच करतो. त्या सकाळी मात्र माझं कशात लक्ष लागेना. टायरची हवा दोनदा तपासली. आमच्याकडची दुसरी चालक इन्ग्रिड, तिला फोन करून विचारलं, आजची फेरी घेतेस का. ती हो म्हणाली, तर लगेच म्हटलं, राहू दे. फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला.

बाई हॉटेलच्या दारात वेळेआधी येऊन उभ्या होत्या. अंगात जाडजूड जाकीट, खाली घोट्याच्या वर खोचलेली फुलाफुलांची साडी, हातात कापडी पिशवी. पायात तपकिरी बूट, लाल नाड्यांचे, त्यांच्या मापाला बरेच मोठे. ते बूट मी ओळखले. छातीवरची माझ्या नावाची पट्टी मी हळूच उलटी केली आणि 'गुड मॉर्निंग, मॅडम' असं चक्क इंग्रजीत म्हणालो. त्या थँक्यू म्हणाल्या आणि खिडकीशी जाऊन बसल्या. बार्शीच्या माणसानं हर्णैच्या बाईशी इंग्रजीत बोलावं, इतका मी घाबरलो होतो.

ते बूट मी आधी कुठे पाहिले, ते सांगायचं तर आधी 'कान' म्हणजे काय ते सांगायला हवं.

या भागात रस्त्यांखालून, पायवाटांखालून काचेची तार पुरलेली आहे. केसाएवढी बारीक, इंटरनेटची असते तीच. तिच्यातून सेकंदाला हजारो वेळा प्रकाशाचा झोत सोडतात. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात कुठेकुठे सूक्ष्म दोष राहतातच. त्यांच्यावर आदळून थोडासा प्रकाश मागे फिरतो. जमीन हलली, अगदी कोणी वरून चाललं, तरी ती तार तेवढ्या जागी नखभरही नाही इतकी ताणली जाते आणि परतणारा प्रकाश बदलतो. तो किती वेळानं परतला यावरून जागा कळते. म्हणजे शंभर किलोमीटरची तार पुरली की जमिनीला मीटरामीटरावर कान फुटतात.

सुरुवातीला हे डोंगर कोसळण्याआधी कळावं म्हणून केलं होतं. मग लोकांच्या लक्षात आलं की याला सगळंच ऐकू येतं. देवमासा खाडीत शिरला, रेनडियरचा कळप उतरला, ट्रकचा एक टायर नरम आहे, सगळं. त्यावर शिकवलेलं यंत्र बसवलं. ते प्रत्येक कंपनाला नाव देऊ लागलं: ट्रक, रेनडियर, लाट, हलता दगड, माणूस. नुसता माणूस नाही, कोणता माणूस तेही, कारण प्रत्येकाची चाल वेगळी असते. म्हणून तर आमच्या गाडीच्या दाराशी एक रबरी पट्टी अंथरलेली असते. प्रवाशानं तिच्यावरून दहा पावलं चालायचं, की दिवसभर तो कुठे भटकला तरी माझ्या मांडीवरच्या पडद्यावर त्याचा ठिपका दिसतो. इथली पोरं संध्याकाळी कोणाबरोबर फिरली, तेसुद्धा त्यांच्या आयांना कळतं म्हणतात.

कान आल्यापासून इथे धुक्यात कोणी हरवून मेलेलं नाही. त्याचा दुसरा परिणाम असा झाला की कानाला जिथे माणूस ऐकू येत नाही, तिथे कोणी माणूस शोधत नाही.

गेल्या वर्षी एकोणीस ऑगस्टला, सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी, निहार चोगले या विद्यार्थ्याची पावलं ग्रोविकाच्या किनाऱ्यावर पाण्याच्या कडेला संपली. कानानं आपणहून शोधपथकाला कळवलं. ते आले तेव्हा वाळूवर बूट होते. शेजारी शेजारी, नीट ठेवलेले, टाचा जुळवून. आत मोजे, मोज्यात फोन. जमिनीवर कुठेच माणूस नाही, असं यंत्र छातीठोक सांगत होतं, त्यामुळे होड्या आणि हेलिकॉप्टर सगळे समुद्रावर. बूट काढून, फोन ठेवून तरुण मुलगा पाण्याकडे गेला याचा अर्थ इथे सगळ्यांनी एकच लावला. कोणी उघड बोललं नाही इतकंच.

निहारला मी एकदाच भेटलो होतो, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत. समुद्रशेवाळावर काहीतरी शिकायला आला होता. हसरा, उंच, भाबडा. विसर्जनानंतर त्यानं सगळ्यांसाठी मासे तळले, त्यावरून मंडळात दोन तट पडले ते अजून तसेच आहेत. चार वाजता मला ग्रोविकाला बोलावून घेतलं ते त्याच्या आईला फक्त मराठी कळतं म्हणून. भाषांतराचं यंत्र होतं की त्यांच्याकडे. पण पथकाची प्रमुख म्हणाली, असली बातमी माणसानं माणसाला सांगावी. मला ते फार पटलं.

तिनं एकेक वाक्य सांगितलं. मी मराठीत बोलत गेलो. बुटांच्या वाक्याशी आलो आणि माझी जीभ अडली. पोरानं जीव दिला हे त्या माउलीला कशाला कळू द्यायचं? खडकावरून पाय घसरला असावा, एवढंच मी म्हणालो. बूट, मोजे, फोन, सगळं गाळलं. यंत्र असतं तर त्यानं एक शब्द गाळला नसता. पुढे बूट त्याच्या खोलीतल्या सामानाबरोबर हर्णैला गेले, आणि आता ते माझ्या गाडीत तिसऱ्या रांगेत बसले होते.

रस्ता खाडीच्या कडेकडेनं जातो. डावीकडे पाणी, उजवीकडे डोंगर, त्यांच्या माथ्यावर बर्फाची चार ठिगळं उरलेली. मासे वाळवायच्या लाकडी मांडण्या ओसाड उभ्या होत्या. मी रोजचे विनोद रोजच्या जागी केले. एक डच मास्तर मनापासून हसले, बाकीच्यांनी फोटो काढले. पहिल्या थांब्यावर मी गाडीतल्या स्पीकरवर कानाच्या संग्रहातून गेल्या हिवाळ्यातला देवमासा ऐकवला. हा आमचा हुकमी पत्ता. प्रवाशांना कानात घातलेल्या भाषांतराच्या कर्णफुलातून माझं बोलणं आपापल्या भाषेत कळत होतं. ते संपल्यावर बाईंनी हात वर केला आणि विचारलं, यात माणसाचा आवाज येतो का.

पावलांचा येतो, मी सांगितलं, इंग्रजीतच. नोंदी वर्षभर ठेवतात, मग खाजगीपणाच्या कायद्याप्रमाणे पुसून टाकतात. त्यांनी मान हलवली आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली.

वर्ष भरायला अकरा दिवस होते. बरोबर वर्षानं येतील असं मला नेहमी वाटायचं. मग आज का, ते कळेना. आणि ग्रोविका तर सहलीतला तिसरा थांबा. तो टाळून पुढे जावं असा विचार मी तिथे पोचेपर्यंत करत होतो. वळण आलं, तेव्हा हातांनी सवयीनं गाडी वळवली.

पाऊण तास दिला सगळ्यांना. नऊ ठिपके पडद्यावर पांगले. मी गाडीतच बसलो, काच पुसली, पुसलेली काच पुन्हा पुसली. वीसेक मिनिटांनी पडदा लाल झाला.

प्रमिला चोगले. पावलं संपली. पाण्याच्या कडेला. शोधपथकाला कळवण्यास नव्वद सेकंद.

पडदा हातात घेऊनच मी धावलो. पन्नाशीच्या माणसानं गोट्यांच्या किनाऱ्यावर धावू नये, दोनदा पडलो. बाई घोटाभर पाण्यात उभ्या होत्या, साडी गुडघ्यापर्यंत उचललेली, हातात नारळ. बूट मागे वाळूवर होते. शेजारी शेजारी, टाचा जुळवून, आत मोजे. आठ अंश तापमानाच्या पाण्यात त्या अशा उभ्या होत्या जणू घरच्या अंगणात.

मी धापा टाकत इशारा रद्द केला. मग पडद्याकडे पुन्हा पाहिलं. त्या उभ्या होत्या तिथे माणसाचा ठिपका नव्हता. त्या जागी एक छोटी खूण होती आणि शेजारी लिहिलं होतं: पाणमांजर, एक. त्या दोन पावलं मागे आल्या. पाणमांजर दोन पावलं मागे आलं.

इथे कोणी अनवाणी चालत नाही. यंत्रानं लाखो पावलं ऐकली, सगळी बुटातली, टाचेचा ठोका पडणारी. उघड्या तळव्याचा मऊ, बिचकता स्पर्श त्याला कधी कोणी शिकवलाच नव्हता. असं हलकं, ओलं, पाण्याकाठचं काय असतं? पाणमांजर असतं.

"तुमीच फोन केलेला ना?" बाई वळून म्हणाल्या. "इंग्रजीत बोललात म्हणून काय झालं. तो आवाज मी इसरंन काय?"

मी मान खाली घातली. त्या पुढे म्हणाल्या, वर्षभर एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. सामानात बूट आले, त्यांच्या शिवणीत मीठ होतं. मोज्यात वाळू होती.

"खोलीत ठेवलेल्या बुटात मीठ कुठनं येईल, भाऊ? मी मासेवाली बाई हाय. मीठ मना कळतं."

मग मी सांगितलं. बूट इथेच होते, असेच ठेवलेले होते, आणि हे मी त्या दिवशी मुद्दाम सांगितलं नाही. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून, असंही म्हणालो, आणि ते बोलताना मला माझीच लाज वाटली.

त्यांनी हातातला नारळ पुढे केला, जणू मला दिसला नसावा.

"आज काय हाय ठावं हाय? नारळी पुनव. त्या दिवशी पन तीच होती. पायताण घालून दर्याला नारळ कोन देतो? तुमी बुटांचं बोलला असतात, तर मी तवाच बोलले असते, की माजा पोर जीव द्यायला नाय गेला, नारळ द्यायला गेलाय."

तिथीनं वर्ष आजच भरलं होतं. अकरा दिवसांचा हिशेब तेव्हा माझ्या डोक्यात शिरला. तारखेनं आल्या असत्या तर संग्रह पुसलेला असता.

बाई आता किनारा न्याहाळत होत्या. या इथे नारळ कोण सोडेल, त्या म्हणाल्या, हे सगळं उथळ, शेवाळ माजलेलं. सोडलेला नारळ पायाशी परत येईल. खोल पाणी कुठे आहे? आणि त्यांनीच बोट केलं. उजवीकडे खडकाचं एक टोक समुद्रात घुसलंय, त्यावर जुनं दीपगृह आहे. तिथवर जाणाऱ्या वाटेखालून काचेची तार गेलेली आहे, हे मला माहीत होतं.

मी वाळूवर बसलो आणि संग्रह उघडला. ग्रोविका, एकोणीस ऑगस्ट. अकरा बारा: निहार चोगले, पावलं संपली. अकरा तेरा: पाणमांजर, एक. ते बुटांच्या जागेपासून निघालं होतं. किनाऱ्याच्या कडेनं, सावकाश, मधेमधे थांबत, तीनशे चाळीस मीटर, थेट टोकाकडे. अकरा अठ्ठावीसला खडकाच्या एका घळीपाशी जोराचा धक्का. त्यानंतर पाणमांजर कुठेच नाही.

अकरा एकतीस: हलता दगड.

त्या घळीत वर्षभर हलता दगड असतो का ते मी आधी पाहिलं. नव्हता. फक्त त्या एका दिवशी. मी कानात कर्णफूल घातलं आणि आवाज लावला. वाऱ्याची, लाटांची घरघर, आणि तिच्यात ठक, ठक, ठक. थांबून पुन्हा तीन. दगडावर दगड. मी वेळ पुढे सरकवली. दोन वाजता तेच. चार वाजता, हेलिकॉप्टरच्या धडधडीत, तेच. पाच वीसला मी याच वाळूवर उभा राहून हर्णैला फोन केला होता. मी पाच वीस लावलं. ठक, ठक, ठक.

भरती चढत गेली तसं ठोक्यांमधलं अंतर वाढत गेलं. शेवटचे तीन ठोके नऊ वाजून दहा मिनिटांनी होते.

"काय ऐकू येतंय?" बाईंनी विचारलं.

'लाटा' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. खोटं नव्हतंच ते, लाटा होत्याच. तो पाय घसरून पडला, लगेच गेला, एवढं सांगितलं असतं तर त्या हर्णैला जाऊन शांतपणे झोपल्या असत्या. त्यांच्यावर दया म्हणून एकदा वाक्य गाळलं होतं, दुसऱ्यांदा गाळणं त्याहून सोपं होतं. मला पळून जावंसं वाटलं. गाडीत प्रवासी खोळंबले असतील, असा विचारसुद्धा मनात येऊन गेला.

"तो तिकडच्या घळीत पडला," मी म्हणालो. "लगेच गेला नाही. दगडावर दगड ठोकत होता. यंत्राला वाटलं दगड हलतोय. मी तुम्हाला फोन केला तेव्हाही ठोकत होता, त्यानंतर जवळजवळ चार तास. मी बुटांचं सांगितलं असतं, तर तुम्ही नारळाचं बोलला असतात आणि आम्ही तिकडे गेलो असतो. तो सापडला असता."

सांगून झाल्यावर मला रडू फुटलं. बाई रडल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला. मी कर्णफूल काढून दिलं, आणि त्यांनी ते कानात घालून डोळे मिटले. त्यांचे ओठ मोजत होते.

"तीन आनि तीन," त्या म्हणाल्या. "धुक्यात आमच्या होडीवर ह्याचा बापूस असंच ठोकायचा फळीवर. दुसऱ्या होडीला कळावं, आमी इथं हाव. समोरनं पन तीनच द्यायचे, म्हंजे ऐकलं."

मी शोधपथकाला फोन लावला आणि नीट, क्रमानं, बुटांपासून सगळं सांगितलं. त्यांनी घळीची जागा दोनदा विचारून घेतली. मग दीड तासात येतो म्हणाले. हिवाळ्यातल्या वादळांनी घळ गोट्यांनी भरून गेली होती. काय सापडेल याचा भरवसा त्यांनी दिला नाही. डच मास्तरांना मी बाकीच्यांना गाडीत बसवून कॉफी द्यायला सांगितलं. त्यांनी का ते विचारलं नाही.

बाई टोकाकडे निघाल्या होत्या, अनवाणी. एकट्या जाऊ देणं शक्य नव्हतं. मी माझे बूट काढले आणि निहारच्या बुटांशेजारी ठेवले. दगड इतके गार होते की तळवे भाजल्यासारखे झाले. पडद्यावर दोन पाणमांजरं एकामागे एक चालली होती.

घळीच्या तोंडाशी त्या थांबल्या. खाली खोल, काळं, स्वच्छ पाणी होतं. नारळ त्यांनी दोन्ही हातांनी हळूच सोडला. तो बुडाला, वर आला आणि ओहोटीबरोबर बाहेर जाऊ लागला. मग त्या खाली बसल्या. मुठीत मावेल असा एक गोटा घेतला आणि घळीच्या कडेवर ठोकला. तीन वेळा. थांबल्या, पुन्हा तीन वेळा. त्या ठोकत राहिल्या, घाई न करता, जणू समोरच्या होडीला ऐकू जाईपर्यंत त्यांना कुठेच जायचं नव्हतं.

माझ्या हातातल्या पडद्यावर नवी ओळ उमटली: हलता दगड.

चुकीची नोंद दुरुस्त करायची सोय आम्हा वाटाड्यांना दिलेली आहे. एवढ्या वर्षांत मी ती कधी वापरली नव्हती. ती ओळ मी पुसली आणि तिथे लिहिलं, माणूस. कधीपासून, असं यंत्रानं विचारलं. मी एकोणीस ऑगस्ट, अकरा एकतीस असं टाकलं.